सीझनचा धंदा आणि ऑफसीझनची नोकरी: दोन्ही सांभाळायचं कसं

मी मातीचे मग, बाउल, छोट्या कुंड्या असलं बनवते आणि त्यातलं जवळपास सगळं वर्षातल्या चार महिन्यांत विकलं जातं. उरलेले आठ महिने लोक हातात घेतात, उलटं करून बघतात, "किती सुंदर आहे हो" म्हणतात आणि परत ठेवून देतात. सुरुवातीला मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय, मग कळलं की काही धंदे असेच असतात. लग्नाचे फोटो काढणारे, मेणबत्त्या नि साबण बनवणारे, भेटकार्डं करणारे, पार्ट्यांचं डेकोरेशन करणारे, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच, की पैसा एकदम येतो आणि मग एकदम थांबतो. त्यामुळे मधले महिने नोकरी करायची, त्यात कमीपणा काही नाही, पण ती कशी आणि कधी शोधायची हे कुणी सांगत नाही म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ऑफसीझनची नोकरी सीझन संपल्यावर शोधायची नसते, सीझन सुरू व्हायच्या आधी शोधायची असते. मी पहिली दोन वर्षं उलटं केलं. सीझन संपला की १५ दिवस नुसतं झोपायचं, मग बँकेतला आकडा बघून घाबरायचं आणि घाबरलेल्या माणसाला जी पहिली मिळेल ती नोकरी घ्यायची.

पायरी १: कॅलेंडर काढा, पण दोन रंगांचं नाही

नवीन माणूस वर्षाचे दोन तुकडे करतो, सीझन आणि ऑफसीझन. इथेच पहिली गडबड होते कारण विकायचे महिने आणि बनवायचे महिने हे एक नसतात. एक मोठा कागद घ्या, १२ चौकोन काढा आणि चार रंग वापरा: विक्री, बनवणं, तयारी म्हणजे सामान आणणं नि डिझाइन ठरवणं, आणि खरोखर रिकामे आठवडे. हे भरायचं मात्र शेवटाकडून. शेवटची वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात कधी पडली पाहिजे ती तारीख लिहा आणि तिथून मागे मागे या.

माझं उदाहरण घ्या. मग घडवला की तो पूर्ण वाळायला आठवडा तरी जातो, हवा दमट असेल तर जास्तच, आणि ओला भट्टीत घातला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो तडकतो नाहीतर फुटतोच. मग पहिली भाजणी साधारण १००० अंशांना, मग ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत थर देणारं द्रावण लावायचं, मग दुसरी भाजणी, स्टोनवेअर म्हणजे जास्त आचेची टणक भांडी असतील तर १२०० च्या वर. आणि प्रत्येक भाजणीनंतर भट्टी आपली आपण गार होईपर्यंत थांबायचं, घाई करून झाकण उघडलं तर टण्ण असा बारीक आवाज येतो आणि तो ऐकायला फार वाईट वाटतं. एकूण काय तर मातीच्या गोळ्यापासून विकायच्या टेबलापर्यंत तीन आठवडे धरायचे, आणि भट्टीत एका वेळी मावतं तेवढंच मावतं. म्हणजे चार महिन्यांच्या विक्रीसाठी मला त्याच्या अडीच महिने आधी चाकावर बसावं लागतं.

साबणवाल्यांचं आणखी वेगळं. कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे न शिजवता केलेला, साबण कापून झाला तरी ४ ते ६ आठवडे नुसता रॅकवर ठेवावा लागतो, त्यातलं पाणी उडून तो कडक व्हावा म्हणून. त्या काळात हाताला काम फार नसतं, म्हणजे तेव्हा नोकरी चालू असली तरी चालतं, हा त्यांचा फायदा. सोया मेणाच्या सुगंधी मेणबत्त्यांना पण आठवडा दोन आठवडे मुरू देतात. फोटोवाल्यांचं नेमकं उलटं, शेवटचा कार्यक्रम झाला म्हणजे सीझन संपला असं त्यांना वाटतं पण निवडायचे, एडिट करायचे फोटो आणि अल्बम हे सगळं त्यानंतर महिना दोन महिने मानेवर बसलेलं असतं, आणि नेमकी पुढच्याच सोमवारी त्यांनी नवी नोकरी जॉइन केलेली असते.

हे सगळं भरून झाल्यावर जे उरतं ते तुमचं नोकरीचं खरं अंतर. माझे "आठ महिने रिकामे" होते ते भरल्यावर पाच सव्वापाच निघाले.

पायरी २: नोकरीतून किती हवंय ते आकड्यात काढा

सीझनमध्ये आलेला पैसा म्हणजे कमाई नव्हे हे सगळ्यांना पाठ असतं पण खिशात खुळखुळायला लागलं की विसरतं. आलेल्या पैशातून कच्चा माल, पॅकिंग, कुरिअर, स्टॉलचं भाडं, वेबसाइटचं कमिशन, फुटलेलं आणि परत आलेलं, हत्यारांची दुरुस्ती आणि कर हे काढा. शिवाय पुढच्या सीझनच्या मालाचे पैसे आत्ताच बाजूला काढा, कारण ते लागणार तेव्हा तुमच्याकडे विक्री चालू नसणारे. जे राहिलं ते १२ ने भागा. चारने भागायचं नाही, घरभाडं आठ महिने माफ होत नाही.

आता गणित. समजा घराला महिन्याला १० हिस्से लागतात, वर्षाचे झाले १२०. धंद्यातून सगळं जाऊन ६६ उरतात. खड्डा ५४ चा. नोकरी ६ महिने करता येणारे, म्हणजे महिन्याला ९ हिस्से हातात पडले पाहिजेत. इथपर्यंत बरेच जण करतात. पण हेच गणित तुमच्या सगळ्यात वाईट वर्षाचा आकडा घालून परत करा. समजा त्या वर्षी ४५ च उरले होते, तर खड्डा ७५ चा आणि महिन्याला साडेबारा. नोकरी बघताना ९ आणि साडेबारा हे दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून ठेवा, ९ च्या खालची घ्यायची नाही आणि साडेबाराच्या वरची असेल तर थोडा त्रास सहन करायला हरकत नाही. पहिलंच वर्ष असेल आणि वाईट वर्षाचा आकडाच नसेल तर अपेक्षेच्या अर्धा धरा, मी गंमत करत नाहीये.

आकडा हातात असला की अजून एक होतं, नको त्या नोकरीला नाही म्हणता येतं.

पायरी ३: कुठली नोकरी

इथे लोक फक्त पगार बघतात. मी तीन गोष्टी बघते आणि पगार त्यात तिसरा आहे.

पहिली, त्या नोकरीचा स्वतःचा सीझन कधी असतो. प्रत्येक ऑफिसला सीझन असतो. हिशेबाच्या ऑफिसात आर्थिक वर्ष संपताना मरमर असते, शाळा कॉलेजात परीक्षा आणि ॲडमिशनच्या वेळी, दुकानं, गोदामं, कुरिअर हे भेटवस्तूंच्या दिवसांत. आणि गंमत म्हणजे दुकानात नि गोदामात तात्पुरती भरती सगळ्यात जास्त होते ती नेमकी भेटवस्तूंच्या दिवसांतच. म्हणजे जी नोकरी सहज मिळते ती नेमकी तुमच्या गर्दीत मिळते, तिच्या मोहात पडू नका. तुमचा सीझन असतो तेव्हा ज्यांच्याकडे सामसूम असते असे लोक शोधा. बर्फावरच्या स्कीइंगचे कित्येक शिक्षक उत्तर गोलार्धातला हिवाळा संपला की दक्षिण गोलार्धात जातात कारण तिथे तेव्हा हिवाळा सुरू होतो. आपल्याला विमानात बसायची गरज नाही पण डोकं तेच वापरायचं.

दुसरी, ती नोकरी तुमच्यातलं काय खाते. दिवसभर दुसऱ्याच्या जाहिरातींची डिझाइनं करून रात्री स्वतःचं डिझाइन सुचत नाही, निदान मला नाही सुचलं. दिवसभर टायपिंग केलं की मनगट जातं, आणि चाकावर बसणाऱ्याला मनगट गेलं म्हणजे सगळंच गेलं. विणकाम, भरतकाम, कोरीवकाम करणाऱ्यांनी बोटांचा नि डोळ्यांचा विचार करा. माझ्या अनुभवात सगळ्यात बरी ठरलेली नोकरी म्हणजे एका ऑफिसात फ्रंट डेस्कवर बसायची. लोक म्हणाले एवढं शिकून हे काय. पण संध्याकाळी सहाला डोकं कोरं असायचं आणि हात ताजे, त्या सहा महिन्यांत मी जेवढी नवी डिझाइनं काढली तेवढी कधीच नाही.

तिसरा पगार, त्याचा आकडा चिठ्ठीवर आहेच.

प्रकार म्हणाल तर ठरावीक महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट हे आपल्यासाठी सगळ्यात सरळ. कुणाच्या बाळंतपणाच्या रजेच्या जागी, एखाद्या प्रोजेक्टपुरतं, सत्रापुरतं शिकवणं, असं. दुसरा प्रकार वर्षभर अर्धवेळ, तो दिसायला फार छान पण सीझनमध्ये तोच अर्धा वेळ गळ्यात येतो, तेव्हा ऐन गर्दीत तास कमी करता येतील का हे आधीच ठरवून घ्या. तिसरा म्हणजे स्वतःच्याच कलेचे क्लास घेणं, दुसऱ्याच्या स्टुडिओत हाताखाली काम करणं. त्यात पैसा कमी पण हत्यारं वापरायला मिळतात.

पायरी ४: शोधायला कधी लागायचं, आणि नोटीस पिरियड नावाचा साप

तिसऱ्या वर्षी मला चांगली नोकरी मिळाली, पगार उत्तम, माणसं गोड. सोडायची वेळ आली तेव्हा ऑफर लेटर उघडून बघितलं तर ६० दिवसांची नोटीस. मी धरून चाललेले ३०. म्हणजे जो एक महिना मी चाकावर बसायला हवं होतं तो अख्खा महिना मी मीटिंगांत बसून होते, माल निम्मा झाला, जुन्या गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागलं आणि त्यातले काही परत आलेच नाहीत. दोष कंपनीचा नव्हता, कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

तेव्हा हे पण मागून मोजा. बनवायला जूनच्या मध्यावर सुरुवात करायची असेल आणि नोटीस दोन महिन्यांची असेल तर राजीनामा एप्रिलच्या मध्यावरच गेला पाहिजे. आणि सीझन डिसेंबरच्या शेवटी संपत असेल तर नोकरीची चौकशी जूनच्या मध्याआधी, जेव्हा तुम्ही अजून आंघोळ बिंघोळ करून माणसात असता तेव्हा. दहा बारा ठिकाणी मेल टाकायची, जुन्या ओळखींना विचारायचं, "मी जानेवारीच्या मधल्या आठवड्यापासून पाच महिने मोकळी आहे" असं थेट तारखेसह. कॉन्ट्रॅक्टवर माणसं घेणाऱ्यांना तारखा आवडतात, "लवकरच जॉइन होऊ शकते" असल्या मोघम वाक्यांनी काही होत नाही. लगेच हो येणार नाही, पण ऐन सीझनमध्ये एखाद्या दुपारी फोन येतो.

सीझन संपण्याची तारीख आणि नोकरीची पहिली तारीख यात किमान दोन आठवडे सोडा. त्यातला एक झोपायला, दुसऱ्यात काय करायचं ते पुढे येतंय.

पायरी ५: सही करण्याआधी कागद वाचा

पाच गोष्टी शोधा. नोटीस तर झाली. दुसरी, "नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करता येणार नाही" असं कलम, हे फार ठिकाणी असतं आणि लोक सही करून मोकळे होतात. तिसरी म्हणजे तुम्ही बनवलेल्या गोष्टींवर हक्क कुणाचा. काही करारांत "नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम कंपनीचं" इतकं ऐसपैस लिहिलेलं असतं, त्यात तुमची रविवारी काढलेली चित्रंसुद्धा येतात का हे विचारायलाच हवं, आणि चित्रकार, डिझायनर, लिहिणारे यांनी तर दोनदा विचारायला हवं. चौथी, रजा कधी मिळणार नाही त्या तारखा. पाचवी, नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करायला बंदी आहे का.

आता मोठा प्रश्न, मुलाखतीत धंद्याबद्दल सांगायचं का. माझं मत, सांगायचं. लपवलं की तुमचं पेज कुणीतरी बघतंच, आणि मग खरं सांगणंही खोटं वाटतं. मी असं म्हणते: "माझा सिरॅमिकचा छोटा व्यवसाय आहे, तो जूनच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत चालतो. बाकीच्या महिन्यांत मी पूर्ण वेळ उपलब्ध आहे आणि ऑफिसच्या वेळेत धंद्याचा फोनही घेत नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, समोरच्याला तीच भीती असते. त्यांनी हो म्हटलं की ते मेलवर लिहून घ्या, तोंडी हो म्हणणारा मॅनेजर तीन महिन्यांत बदलून जातो. आणि मग शब्द पाळा, ऑफिसच्या प्रिंटरवर स्वतःची लेबलं छापू नका, ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑर्डरी बघू नका.

पायरी ६: पैसे दोन डब्यांत

धंद्याचं खातं वेगळं, घराचं वेगळं. सीझनचा पैसा धंद्याच्या खात्यात येऊ दे आणि तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कम घरच्या खात्यात, स्वतःला पगार दिल्यासारखी. नोकरीचा पगार थेट घरच्या खात्यात. पगारातून धंद्यासाठी माल घेतला तर उधारी म्हणून वहीत लिहा, नाहीतर धंदा फायद्यात आहे असं वाटत राहतं आणि खरं तर नोकरी त्याला पोसत असते. मला हे कळायला चार वर्षं लागली.

ॲडव्हान्स घेत असाल तर वस्तू पोचेपर्यंत ते पैसे गिऱ्हाइकाचेच समजा. काम रद्द झालं आणि परत द्यायची वेळ आली तेव्हा ते खर्च झालेले असले की फार लाज वाटते.

करामध्ये एक खाच आहे. ऑफिस तुमचा कर फक्त पगार बघून कापतं, त्यांना धंद्याचं उत्पन्न माहीत नसतं. वर्षअखेरीला दोन्हीची बेरीज होते, एकत्र रकमेवर दर वाढू शकतो आणि भरायची रक्कम अचानक मोठी दिसते. बऱ्याच देशांत असा कर वर्षात हप्त्याहप्त्याने आधीच भरायचा असतो आणि उशीर झाला तर व्याज किंवा दंड लागतो. सीझनमध्येच कराचा वाटा वेगळा ठेवा आणि हिशेब बघणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगा की मला पगारही आहे नि धंदाही.

पायरी ७: नोकरीच्या महिन्यांत धंदा मंद आचेवर

पूर्ण बंद केला तर परत पेटवायला फार लाकडं लागतात. आठवड्याला तीन चार तास, ठरलेल्या दिवशी, बस. त्यात मेलना उत्तरं, महिन्यात दोनेक पोस्ट, एखादा नमुना. पेजवर वर मोठ्या अक्षरात लिहा की ऑर्डरी अमुक तारखेपासून सुरू होतील आणि खाली नाव नोंदवायची सोय ठेवा. थांबलेल्यांची ती यादी पुढच्या सीझनचा पहिला आठवडा भरून काढते. "एवढा एकच मग करून द्या ना" म्हणणारे येतील. एका मगासाठी भट्टी पेटवत नाहीत, नाव नोंदवून घ्या.

आणि आता तो मधला दुसरा आठवडा, नोकरी सुरू व्हायच्या आधीचा. हा आठवडा चुकवू नका. काय संपलं, काय शेवटपर्यंत पडून राहिलं, काय परत आलं, कुठल्या स्टॉलचं भाडंही निघालं नाही, हे सगळं दोन पानांत लिहा, कारण सहा महिन्यांनी फक्त छान छान आठवतं. मग सामान आवरा. उरलेली माती हवाबंद पिशवीत, रंगांच्या नि गोंदाच्या झाकणाखालचा कडा पुसून घट्ट बंद. कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या फुल चार्ज करून किंवा पार उतरवून ठेवू नका, अर्ध्याच्या आसपास ठेवा. लेन्सना दमट हवेत बुरशी लागते तेव्हा हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट. शिलाई मशीन पुसून तेल घालून झाकून. जे बिघडलंय ते आत्ताच दुरुस्तीला टाका, सीझनच्या तोंडावर दुरुस्तीवाल्याकडेही रांग असते.

पायरी ८: दोन्ही एकत्र चालतात ते आठवडे

कितीही आखलं तरी दोन तीन आठवडे नोकरी आणि धंदा एकमेकांवर चढतातच. त्या काळात नवीन डिझाइन बंद, हात न बघता करतो तेच करायचं. एकेक ऑर्डर पूर्ण करण्यापेक्षा एकसारखी कामं एकत्र, आज सगळ्या मगांना कान लावायचे, उद्या सगळं ग्लेझ. पॅकिंगला कुणाला तरी पैसे देऊन बोलवा, घरच्यांना फुकट राबवून घेऊ नका, एक वर्ष करतात ते, दुसऱ्या वर्षी त्यांना तेव्हाच कामं निघतात. रजा शिल्लक असेल तर ती ऐन गर्दीच्या दिवशी न घेता त्याच्या आदल्या आठवड्यात घ्या, माल तयार नि पॅक असेल तर गर्दीचा दिवस कसाही निभतो. आणि सहा तासांच्या खाली झोप नेऊ नका, मी एकदा नेली होती आणि ग्लेझच्या बादल्या उलटसुलट करून अख्खी भट्टी वेगळ्याच रंगात काढली.

नोकरी सोडताना शेवटच्या आठवड्यात एक पान लिहून द्या, कुठलं काम कुठे थांबलंय, फाइल कुठे आहे, कुणाला फोन करायचा. मग ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांना विचारा, पुढच्या वर्षी जानेवारीत माणूस लागेल का. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले बघू. ऑक्टोबरमध्ये मी कोपरापर्यंत मातीत होते आणि फोन वाजला, मुलाने स्पीकरवर टाकला, तिकडून आवाज आला, "त्याच तारखेपासून याल ना?"